मंडपातलं जहाज

ऋजुता सुट्टीवर आली तेव्हा तिच्या काही नव्या सवयी दिसल्या.

चहाचा कप ती वरून, काठाला धरते. दुसरा तळवा कपाखाली असतो.

कुठल्याही दारातून गेली की ते मागे लावते. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, आमच्या घराचंसुद्धा.

बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू त्याला लावून बघते. दार तापलंय का ते.

भिंतीला टेकून बसत नाही.

भरभर जेवते. मग काय करायचं ते सुचत नाही, म्हणून बाकीच्यांचं जेवण होण्याआधीच त्यांची ताटं उचलायला लागते.

झोपताना बूट पलंगाखाली ठेवते. टाचा भिंतीकडे.

समुद्र कसा असतो, असं कोणी विचारलं की पाणी प्यायला उठते.

या शेवटच्या सवयीचं कारण तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. ऋजुता नौदलात आहे. आणि समुद्रावर ती अजून एकदाही गेलेली नाही.

मी अवंती. शाळेपासून तिच्या शेजारच्या बाकावर बसलेली. पुढे मी इंदूरला मराठी घेऊन एमए केलं. देवासला या पदवीचं काय करायचं ते मला माहीत नाही. सध्या एका शाळेत हिंदी शिकवते. ऋजुताचं मराठी बोलण्यापुरतं. वाचायचं असलं की ती कागद माझ्याकडे सरकवते. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं झालं तर ते मीच लिहावं, असं तिच्या आईला, शशिकलाकाकूंना वाटतं. मी लिहिते आहे. पण जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, हे आधीच सांगते.

तिचे वडील अशोककाका भुसावळकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून देवासला आले आणि इथलेच झाले. आमची वसाहत अशाच लोकांची आहे. सकाळी पाळीचा भोंगा, संध्याकाळी टेकडीवरच्या देवीचे दिवे. ऋजुता बँकेच्या परीक्षा देत होती. वजन कमी करायचं म्हणून पहाटे टेकडीच्या पायऱ्या धावत चढायची. तिथे फौजेच्या भरतीची तयारी करणारी मुलं यायची. त्यांच्यातल्या कोणीतरी सांगितलं की नौदल आता मुलींनाही अग्निवीर म्हणून घेतं. तिने अर्ज केला. पोहता येत नव्हतं. निवड झाली. मग ते तिथेच शिकवलं.

"तुला समुद्र आवडतो?" मी तेव्हा विचारलं होतं.

"बघितला कुठेय?" ती म्हणाली होती.

मला वाटलं होतं, खलाशी झाल्यावर लगेच जहाजावर जातात. तसं नसतं. तिने समजावलं. तिच्या उस्तादांच्या, म्हणजे तिला शिकवणाऱ्यांच्या, काळी नवा माणूस आधी एखाद्या जुन्या जहाजावर जायचा. जुन्या माणसांच्या मागेमागे फिरायचा. कोणता पाइप कुठून येतो, कोणतं दार कधी लावायचं, हे महिनोन्महिने हात लावून शिकायचा. आता नवी जहाजं एकामागून एक तयार होत आहेत. प्रत्येकावर पूर्ण माणसं हवीत. जुनी माणसं वाटून पुरवावी लागतात, आणि जुन्या जहाजांवर शिकणाऱ्यांना जागा पुरत नाही. म्हणून नव्यांना जमिनीवरच, जहाजासारख्या खोल्या करून तयार करतात. एक बॅच बाहेर पडली की दुसरी दारात उभी.

"माझं जहाज गोदीत आहे," ती म्हणाली. "रंग चाललाय. त्याची माणसं डोंगरावर शिकतायत."

मला हे चित्र डोळ्यांसमोर आणता आलं नाही. अजूनही येत नाही.

तर त्या खोल्या. लोखंडी आहेत, तीन. घोड्याच्या नालासारख्या वळवून लावलेल्या. एका टोकाने आत जायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर यायचं. दारं अरुंद, उंबरठे गुडघ्याएवढे. आत धूर सोडतात. काही दिसत नाही. भिंतीला हात लावत पुढे जायचं, प्रत्येक दार मागे घट्ट लावायचं, दुसऱ्या खोलीत आगीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह शोधून फिरवायचा, पाइप उचलायचा, बाहेर पडायचं. जहाजाला आग लागली किंवा पाणी शिरलं तर प्रत्येकाला हे आलं पाहिजे. स्वयंपाक्यालासुद्धा.

ऋजुताला ते आलं नाही.

पहिल्या परीक्षेत ती दुसऱ्या खोलीत थांबली. नुसती उभी राहिली. बाहेर शिट्टी वाजली, धूर काढला, तिला आणलं.

"घाबरलीस?"

"नाही. आठवेचना मी कुठेय. वाटलं, देवासला आहे."

"मग?"

"मग काही नाही. देवासला व्हॉल्व्ह कुठे असतो?"

ती हसली नाही. मीही नाही.

सुट्टी संपली की तिची दुसरी परीक्षा होती. पास झाली तर नव्या जहाजाच्या माणसांत नाव. नाही झाली तर किनाऱ्यावरच्या कोठारात सामान मोजायचं, आणि तिची जागा मागून येणाऱ्या बॅचमधल्या कोणाला तरी. समुद्र राहिला. घरी हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त मला.

त्याच आठवड्यात गणेश मंडळाची बैठक झाली. आमच्या मंडळाचा दरवर्षी देखावा असतो. मागच्या एका वर्षी मांडूचा जहाज महाल केला होता. धार, देवास, मनावर, कुठल्याही गावातून बघा, आमच्याकडे जहाज म्हणजे तो एक दगडी महाल. मंडळाचा सचिव विपुल म्हणाला की आता आपली पोरगी नेव्हीत आहे, तर यंदा खरंखुरं लढाऊ जहाज करू. सगळ्यांनी माना हलवल्या. अशोककाका खाली बघत होते, पण कानांपर्यंत लाल झाले होते.

ऋजुता म्हणाली, जहाज नाही करता येणार. जहाजातलं काही बाहेर दाखवायचं नसतं. मग तिला काहीतरी सुचलं. मी तिचा चेहरा बघत होते, म्हणून मला ते दिसलं. ती बाहेर गेली, प्रशिक्षण केंद्रात कोणाला तरी फोन केला, आणि परत येऊन म्हणाली की सरावाच्या खोल्यांची साधी नक्कल चालेल. त्या शाळेच्या मुलांनाही दाखवतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"उसमें क्या मजा आएगा, भिया," कोणीतरी म्हणालं.

"धूर सोडू," ती म्हणाली. मजा मंजूर झाली.

मंडप मानसिंगरावांचा. ते धारचे. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आहे. ते "मजला" म्हणतात, "करावयाचे" म्हणतात. त्यांचे आजोबा धार संस्थानात होते, हे ते कोणालाही पहिल्या पाच वाक्यांत सांगतात. ऋजुताने त्यांना खोल्यांचा नकाशा आठवून काढून दिला. दारं इथे, उंबरठे एवढे, व्हॉल्व्हचं चाक इथे, पाइप असा. मधल्या मोकळ्या जागेत गणपती बसवायचा आणि तिन्ही खोल्यांच्या गोल खिडक्यांतून तो दिसायचा, ही कल्पना विपुलची. मानसिंगरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ऋजुता काकूंबरोबर मामाकडे मनावरला गेली. परत आली ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी.

मंडप उभा होता. प्लायवूडच्या खोल्या, राखाडी रंग, पाण्याचे पीव्हीसी पाइप लाल रंगवलेले, कुठल्याशा जुन्या यंत्राचं काढलेलं चाक. मानसिंगरावांनी काम चोख केलं होतं. ऋजुताने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि आत शिरली. मी मागे होते.

दुसऱ्या खोलीत तिने उजवीकडच्या भिंतीवर हात फिरवला. वर, खाली. तिथे काही नव्हतं. चाक डाव्या भिंतीवर होतं. तिने ओढणी सोडली आणि चाकाकडे बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. विसरले होते."

मग पुन्हा ओढणी बांधली.

पहिल्या संध्याकाळी गोंधळ झाला. ऋजुता लोकांना खोलीतून सोडायची आणि मागचं दार लावून घ्यायची. जहाजावर तसंच असतं. बाहेर रांगेतल्या लोकांना लावलेलं दार दिसायचं. दार लावलं म्हणजे दर्शन बंद. लोक बाहेरूनच हात जोडून घरी जाऊ लागले. आजीबाईंचा एक घोळका तर आत अडकला. त्यांना वाटलं, देवाच्या शेजेची वेळ झाली. त्या जागीच बसल्या.

विपुल धावत आला. "ऋजुता, दार खुल्लं ठेव यार. पब्लिक परत चाललीये. म्हणतायत, भगवान सो गए."

"दार उघडं राहिलं तर जहाज बुडतं."

"देवासमध्ये? कशात बुडतं?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते विपुलला उपयोगी नव्हतं. ठरलं असं की दर्शनाच्या वेळी दारं उघडी. सकाळच्या आरतीआधी मंडप रिकामा असतो, तेव्हा ती काय करायचं ते करील.

उंबरठ्यांचं मात्र जमलं. जहाजाच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो, ओलांडायचा. आमच्या बायकांना हे सांगावं लागलं नाही. त्या प्रत्येक उंबरठ्याला वाकून हात लावत, तो कपाळाला नेत आणि ओलांडत. ऋजुता म्हणाली, आमच्या बॅचमध्ये हे शिकवायला कितीतरी दिवस गेले.

रोज सकाळी मी धुपाटणं पेटवायची. निखाऱ्यांवर ऊद आणि धूप, भरपूर. तिन्ही खोल्या भरल्या की डोळे चुरचुरायचे. ती ओढणी बांधून आत जायची. मी बाहेरून दारांचे आवाज ऐकायची. पहिलं लागलं. दुसरं लागलं. चाक कुरकुरलं. तिसरं लागलं. मग ती खोकत बाहेर यायची, आणि मी तिला सांगायची की बरं झालं. मला खरं तर काही कळत नव्हतं. दारं किती वेगाने लागली पाहिजेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला ती चाकापाशी अडखळायची. चार-पाच दिवसांनी अडखळणं गेलं. हात आपोआप डावीकडे जाऊ लागला. घरी पाणी प्यायला उठली तरी डाव्या हाताने भांडं घ्यायची. काकू म्हणाल्या, ही डावखुरी झाली की काय.

विसर्जनाच्या दिवशी विपुलने जाहीर केलं की शेवटच्या आरतीआधी ऋजुता डोळे बांधून करून दाखवेल. सगळी वसाहत जमली. मी धूप घातला. ती आत गेली. दारं लागली, चाक फिरलं, दार लागलं, ती बाहेर आली. मी आजवर ऐकलं होतं त्यापेक्षा फार लवकर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशोककाका म्हणाले, "असं असतं ते." एवढंच. काकूंनी बघितलंच नाही. त्या पंचखाद्याच्या पातेल्याला धरून डोळे मिटून उभ्या होत्या. ती आत कशाला जाते हे त्यांना माहीत नव्हतं, तरी उभ्या होत्या.

ऋजुताने ओढणी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. तिला आता येत होतं. आम्हा दोघींनाच ठाऊक होतं की ते कशासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगराव मंडप उतरवायला आले. त्यांना पुढे धारकडच्या राजगडला काम होतं. मी शाळेत निघाले होते. त्यांनी मला हाक मारली. काम लोकांना आवडलं का, असं विचारलं. मी म्हटलं, फार.

"आवडणारच, बाई. मेहनतही तशीच पडली. तुमच्या मैत्रिणीचा नकाशा मुळात उलटा होता."

"उलटा म्हणजे?"

"अप्रदक्षिणा. माणूस आत शिरला की देव डाव्या हाताला यायचा. वळत गेला की डावीकडून डावीकडे. असं कुठे असतं? देव उजव्या हाताला हवा. मजला मंडळाची चूक होऊ द्यावयाची नव्हती. मग सगळं फिरवून बसवलं. दारं, पाइप, चाक. आरशात दिसतं ना, तसं. एक खिळा फिरवायचा उरला नाही."

दोन माणसं दुसऱ्या खोलीची भिंत उचलून नेत होती. त्या भिंतीवर चाक होतं. डाव्या भिंतीवर.

"ऋजुताला सांगितलंत?"

"ती मनावरला होती ना. अशोकरावांना सांगितलं. ते म्हणाले, योग्य केलंत."

मी शाळेत गेले नाही. अशोककाका पाळीवरून येऊन अंघोळीला चालले होते. त्यांना विचारलं. हो, मानसिंगराव बोलले होते. देवाचं आहे म्हटल्यावर तसंच करायला हवं. तिला सांगायचं राहिलं. पण ती रोज आत जात होती, तिला दिसलंच असेल, असं त्यांना वाटलं. का विचारतेस? मी म्हटलं, सहज.

ऋजुता आतल्या खोलीत गणवेशाला इस्त्री करत होती. मी दार लावून घेतलं. तिने ते बघितलं. मी सांगितलं. जसं ऐकलं तसं.

ती इस्त्री फिरवत राहिली. एक बाही पूर्ण केली. मग इस्त्री उभी ठेवली.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, मीच चुकतेय."

"तू स्वतः काढलेला नकाशा होता."

"आठवून काढला होता ना. मंडप समोर उभा होता. नकाशा डोक्यात. कशावर विश्वास ठेवणार? एकदा चुकले होते मी. तिथे आमच्या वाट्याला फेऱ्याच कितीक आल्या. त्याही धुरात."

"म्हणजे तुझं बरोबर होतं."

"हो."

"आणि तू ते दहा दिवस चुकीचं केलंस."

"दहा दिवस पक्कं केलं," ती म्हणाली.

मी त्या वाक्याकडे बघत राहिले. माझं शिक्षण अशाच वेळी निरुपयोगी होतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी होती, आणि अशा माणसाला जवळ कसं घेतात ते मला कळेना.

मानसिंगरावांवर ती चिडली नाही. आम्ही मैदानावर गेलो तेव्हा ट्रक भरून झाला होता. तिने त्यांना शांतपणे सांगितलं की ती परीक्षेची तयारी होती. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, परत उभारून देतो, आत्ता. पण अर्धं प्लायवूड पहिल्या खेपेतच राजगडला गेलं होतं.

"मजला वाटलं, देवासाठी आहे," ते म्हणाले. "देवासाठीच होतं ना, बाई?"

"देवासाठीच होतं, काका," ऋजुता म्हणाली.

त्यांनी ट्रकमधून पांढऱ्या फक्कीचं अर्धं पोतं काढलं, मैदानावर रेघा मारायची असते ती, आणि दोरीचं एक बंडल. खाली ठेवलं. ट्रक सुरू झाल्यावरही ते खिडकीतून मागे बघत होते.

मैदानावर मंडपाच्या बांबूंचे खड्डे होते. त्यांच्यावरून ऋजुताने दोरी धरून अंतरं घेतली. सगळी तीच, फक्त दुसऱ्या अंगाला. मी दोरीचं एक टोक धरायची, ती फक्कीची रेघ ओढत जायची. संध्याकाळपर्यंत पहिली खोली झाली आणि दुसऱ्या खोलीच्या तीन भिंती. सुट्टी अजून शिल्लक होती. तिने म्हटलं, उद्या बाकीचं करू, आज एवढ्यात चालून बघते.

भिंती नव्हत्या, म्हणून मला उभं केलं. मी व्हॉल्व्ह. दुसऱ्या खोलीच्या उजव्या रेघेवर हात पुढे करून उभी राहिले. तिने ओढणी बांधली. वाकून न दिसणारं दार उघडलं, उंबरठा ओलांडला, दार लावलं. पुढे आली. हात डावीकडे गेला. हवेत फिरला.

"इकडे," मी म्हटलं.

"बोलू नको."

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा डावीकडे. पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. विपुल स्कूटरवरून जाता जाता ओरडला, "क्या कर री हो, आंधळी कोशिंबीर?" ऋजुता पुन्हा पहिल्या रेघेवर गेली.

कितव्या फेरीला माहीत नाही, तिचा हात उजवीकडे आला आणि माझं मनगट सापडलं. तिने ते घट्ट धरून फिरवलं. दुखलं. मी हलले नाही. पुढच्या फेरीला हात परत डावीकडे गेला.

"कधी डावीकडे, कधी उजवीकडे," ती ओढणी सोडत म्हणाली. "आता मला दोन्ही येतं. म्हणजे एकही येत नाही."

घरी परतलो तर फोन वाजत होता. केंद्रातून होता. जहाजावर माणसं चढवायची तारीख अलीकडे आली होती. परीक्षाही त्याआधी. सुट्टी कमी झाली होती, पहिल्या गाडीने निघायचं. ती उभ्यानेच "जी, जी" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने बूट पलंगाखालून काढले.

काकूंनी डब्यात धपाटे भरले. आता त्यांना सगळं सांगावंच लागलं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पास नाही झालीस तर घरी येशील?"

"नाही आई. पास नाही झाले तरी तिथेच असेन. फक्त पाण्यावर नसेन."

"मग पाण्यावर जाच," काकू म्हणाल्या. असं त्या बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं. त्या पटकन स्वयंपाकघरात गेल्या.

इंदूर स्टेशनवर अशोककाका तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत होते. शेवटी म्हणाले, "मी तुला सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "बाबा, मी विचारायला हवं होतं." गाडी हलली. तिने डब्याचं दार मागे लावून घेतलं आणि खिडकीत आली.

नंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. मग एका रविवारी फोन आला. मागे वारा होता. मी एकच विचारलं.

"हात कुठे गेला?"

"डावीकडे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिथे काही नव्हतं. नुसती भिंत. मागच्या वेळी असंच झालं तेव्हा मी थांबले होते. या वेळी वाटलं, बरोबर, मी उलटी आहे. सरळ दुसऱ्या भिंतीवर गेले. सापडलं."

"मग?"

"वेळ जास्त लागला. उस्तादांनी विचारलं, डावीकडे का गेलीस. मी सांगितलं, गणपतीमुळे. ते बघत राहिले. त्यांना वाटलं, धूर चढला."

"पण पास?"

"पास. काठावर. जहाजावर घेतलंय."

"मंडपाने तुला पास केलं की मंडपामुळे वेळ लागला?"

"मला पण तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "अवंती, ऐक. आम्ही निघतोय. आता काही दिवस फोन लागणार नाही."

"समुद्र कसा आहे?"

वाऱ्याचाच आवाज येत होता.

"हलतो," ती म्हणाली. आणि फोन कट झाला.

काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग देवापुढे साखर ठेवली. मला पुन्हा विचारलं की देव उजवीकडे होता ते चांगलं झालं की वाईट. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, तू एवढी शिकलीस ना. मी म्हटलं, हो.

मैदानावर फक्कीच्या रेघा अजून आहेत. पोरं क्रिकेट खेळताना त्यांच्यावरून धावतात, त्यामुळे काही जागी पुसट झाल्या आहेत. पहिली खोली पूर्ण दिसते. दुसरीच्या तीन भिंती आहेत. चौथी भिंत, तिसरी खोली आणि बाहेर पडायचं दार तिला दुसऱ्या दिवशी आखायचं होतं. फक्कीचं उरलेलं पोतं माझ्याकडे आहे. दोरी एका खुंटीला बांधलेली आहे, तिचं दुसरं टोक मोकळं आहे. विपुलने विचारलं, पुसून टाकू का. मी नको म्हटलं. पुढची अंतरं मला माहीत नाहीत.